विद्यार्थ्यांनी चालवलेल्या कॉलेज रेडिओ स्टेशनचा इतिहास लिहायचाय, सुरुवात कुठून करू?

कानसेन

नमस्कार मंडळी. अमेरिकेत एमएस करताना मी तिथल्या युनिव्हर्सिटीच्या रेडिओ स्टेशनवर शो करायचो. स्टेशन पूर्णपणे मुलंच चालवायची, म्हणजे स्टेशन मॅनेजरपासून रात्री तीनला बोर्डवर बसणाऱ्यापर्यंत सगळे विद्यार्थी, एक प्राध्यापक सल्लागार होते पण ते सहीपुरते. आता स्टेशनचा मोठा वर्धापनदिन आलाय आणि सध्याच्या टीमने जुन्या सगळ्यांना मेल टाकलाय की इतिहास लिहायला मदत करा, कारण ऑफिसात इतिहास म्हणून काही सापडतच नाहीये. मी लगेच हो म्हणालो, त्या जागेवर माझा फार जीव आहे.

अडचण अशी आहे की तिथली माणसं दर चार वर्षांनी पूर्ण बदलतात, त्यामुळे ऐकीव गोष्टी पुष्कळ आणि कागद काहीच नाही. जुन्या लोकांना फोन केले तर एक जण म्हणतो सुरुवातीला रेडिओ हॉस्टेलच्या वायरिंगमधून चालायचा, हवेत काही जायचंच नाही. दुसरा म्हणतो लायसन्सच नव्हतं म्हणजे आपण पायरेट होतो. तिसऱ्या बाई म्हणाल्या १९७८ च्या सुमारास सरकारने छोटी स्टेशनं बंद करायला काढली होती आणि तेव्हा मुलांनी पैसे जमवून नवीन ट्रान्समीटर घेतला. यातलं खरं काय असू शकतं?

आणि ज्याने मला खरंच झोप लागत नाहीये तो प्रश्न असा की आम्ही सगळे छातीठोकपणे म्हणायचो "हे विद्यार्थ्यांचं स्टेशन आहे", ते कागदोपत्री कधी तसं होतं का? जाणकारांनी कृपया लिहा, लांब लिहिलं तरी चालेल.

तारायंत्र

वायरिंगवाली गोष्ट शंभर टक्के खरी असणार आणि ती पायरेटगिरी नव्हती, त्यामुळे ते इतिहासात अभिमानाने लिहा.

याची सुरुवात साधारण १९३६ ला ब्राउन युनिव्हर्सिटीत झाली असं धरतात. जॉर्ज अब्राहम आणि डेव्हिड बोर्स्ट हे दोन विद्यार्थी, त्यांनी हॉस्टेलच्या खोल्या तारांनी जोडल्या, आधी आपापसात बोलायला आणि गाणी ऐकवायला, मग ते पसरत पसरत अख्ख्या कॅम्पसवर गेलं आणि त्याचं नाव पडलं ब्राउन नेटवर्क. १९४० मध्ये याच लोकांच्या पुढाकाराने इंटरकॉलेजिएट ब्रॉडकास्टिंग सिस्टिम नावाची संघटना झाली, ती अजून आहे, आणि तिच्यामुळे एका कॉलेजातलं तंत्र दुसऱ्या कॉलेजात भराभर पोचलं. हार्वर्डचं क्रिमसन नेटवर्क आणि प्रिन्स्टनचं डब्ल्यूपीआरयू दोन्ही १९४० च्याच डिसेंबरातली.

या तंत्राला कॅरिअर करंट म्हणतात. छोटा एएम ट्रान्समीटर घ्यायचा आणि त्याचा सिग्नल अँटेनाला न देता इमारतीच्या विजेच्या वायरिंगमध्ये सोडायचा, मग त्या वायरिंगजवळ ठेवलेल्या कुठल्याही साध्या रेडिओवर स्टेशन लागतं आणि इमारतीपासून जरा लांब गेलं की गायब. सिग्नल विजेच्या ट्रान्सफॉर्मरमधून नीट पार होत नाही, म्हणून प्रत्येक हॉस्टेलला वेगळा ट्रान्समीटर लागायचा आणि स्टुडिओपासून तिथपर्यंत टेलिफोनची लाइन टाकायची. तुमच्या जुन्या लोकांना नक्की आठवत असेल की अमुक हॉस्टेलमध्ये मस्त ऐकू यायचं आणि समोरच्यात नुसती खरखर, त्याचं कारण हेच. कुठली हॉस्टेल कुठल्या क्रमाने जोडली गेली हे त्यांना मुद्दाम विचारा, स्टेशन कसं वाढत गेलं त्याचा नकाशाच हातात येईल.

आता लायसन्स का नव्हतं. १९३८ ला एफसीसीने (अमेरिकेत रेडिओचे परवाने देणारं सरकारी खातं) नियम केला की अगदी कमी ताकदीच्या उपकरणाला परवाना नको, फक्त सिग्नल ठरावीक अंतराच्या आत मावला पाहिजे. अंतराचं सूत्र होतं १,५७,००० भागिले किलोहर्ट्झमधली फ्रिक्वेन्सी, उत्तर फुटात. म्हणजे १००० किलोहर्ट्झवर १५७ फूट, ६०० वर साधारण २६० फूट. म्हणूनच बऱ्याच कॅम्पस स्टेशनांनी डायलची खालची बाजू पकडली. तर मुलं नियमाच्या आत राहूनच हे करत होती. आणि गंमत बघा, परवाना नव्हता म्हणजे मालक म्हणून कोणाचंच नाव कुठे लिहिलेलं नव्हतं, तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर इथेच आहे, त्या काळात स्टेशन ज्याने वायर ओढली त्याचं होतं.

मध्यरात्रीचा श्रोता

धागा फार आवडला, वाचतोय. एक विचारतो, कॉलेजांची रेडिओ स्टेशनं तर १९२० पासून होती ना? युनियन कॉलेज, विस्कॉन्सिन वगैरे? मग १९३६ कसं काय पहिलं?

तारायंत्र

होती की. विस्कॉन्सिनचं ९एक्सएम तर त्याच्याही आधीचं, भौतिकशास्त्राच्या विभागातून प्रयोग म्हणून चाललेलं, ते १९२२ ला डब्ल्यूएचए झालं. युनियन कॉलेजचं १९२० चं. पण त्यातली बहुतेक विभागांची किंवा संस्थेची स्टेशनं होती, विद्यार्थी हाताखाली असायचे, काय वाजवायचं ते ठरवत नव्हते. शिवाय १९२८ च्या फेरवाटपात फेडरल रेडिओ कमिशनने चांगल्या जागा बड्या व्यापारी स्टेशनांना दिल्या, कॉलेजांना दिवसातले थोडे तास किंवा कोपऱ्यातली फ्रिक्वेन्सी, त्यामुळे पुष्कळ कॉलेजांनी कंटाळून परवाने सोडले. ती पोकळी होती म्हणून तर १९३६ ला दोन पोरांना वायर ओढावीशी वाटली. मुलांच्या हातातला रेडिओ म्हणाल तर सुरुवात तिथून.

कलम_पोटकलम

मी मीडिया लॉ शिकले आहे आणि कॉलेज रेडिओ हा माझा अगदी जिव्हाळ्याचा विषय, त्यामुळे मालकीचं मी लिहिते.

एफएम आलं तिथे गोष्ट बदलली. १९४५ ला एफएमचा पट्टा ८८ ते १०८ मेगाहर्ट्झवर हलवला तेव्हा ८८ ते ९२ हा भाग अव्यापारी शैक्षणिक स्टेशनांसाठी राखून ठेवला, म्हणून अमेरिकेत कुठेही जा, कॉलेज स्टेशनं डायलच्या डाव्या टोकाला सापडतात. मग १९४८ ला एफसीसीने १० वॅटच्या स्टेशनांना परवानगी दिली, त्याला क्लास डी म्हणतात. १० वॅट म्हणजे फार तर काही मैल, पण ट्रान्समीटर स्वस्त आणि कागदपत्रं कमी, त्यामुळे पुढच्या तीस वर्षांत शेकडो कॉलेजांनी तो घेतला. वायरिंगमधून गावात पोचले सगळे ते यामुळे.

पण परवाना मागायचा तर अर्जदार कायदेशीर संस्था हवी, दर मे महिन्यात बदलणारा मुलांचा क्लब नाही चालत. मग बहुतेक ठिकाणी अर्ज युनिव्हर्सिटीच्या नावाने गेला, परवाना विश्वस्त मंडळाच्या नावाने आला आणि चालवायला मुलं. तेव्हा कोणाला त्यात काही वावगं वाटलं नाही कारण १० वॅटच्या परवान्याला किंमत ती काय असणार. कानसेन, तुमच्या स्टेशनचंही बहुधा असंच असेल, म्हणजे कागदोपत्री ते विद्यार्थ्यांचं नव्हतंच.

त्या बाई १९७८ बद्दल सांगतात ते अगदी बरोबर आहे. १९६७ ला पब्लिक ब्रॉडकास्टिंग ॲक्ट आला, सार्वजनिक स्टेशनांना सरकारी पैसा देणारं कॉर्पोरेशन फॉर पब्लिक ब्रॉडकास्टिंग झालं, आणि त्या मंडळींना त्याच राखीव पट्ट्यात मोठी, व्यावसायिक दर्जाची स्टेशनं हवी होती. त्यांना १० वॅटवाले आड येत होते. १९७२ ला त्यांनी एफसीसीकडे मागणी केली आणि १९७८ ला नियम आला की १०० वॅटपर्यंत वाढा, नाहीतर तुमच्या फ्रिक्वेन्सीचं संरक्षण गेलं, कोणी मोठा आला तर तुम्ही बाजूला व्हायचं. सरसकट बंदी नव्हती पण परिणाम जवळपास तोच. ज्यांना पैसे जमवता आले ते वाढले, बाकीचे हळूहळू विझले. म्हणजे तुमच्या मुलांनी ट्रान्समीटरसाठी पैसे जमवले ही गोष्ट साधी समजू नका, ते नसतं केलं तर तुमचा शोच झाला नसता.

आणि दुर्दैव असं की वाढलं म्हणूनच पुढे विकलं गेलं. राइस युनिव्हर्सिटीचं केटीआरयू घ्या, १९६७ ला हॉस्टेलच्या खोलीत सुरू झालं, १९७१ ला १० वॅटचं एफएम, १९९१ ला ५०,००० वॅट. आता ५०,००० वॅटचं ह्यूस्टनमधलं स्टेशन म्हणजे मोठी मालमत्ता. २०१० च्या ऑगस्टमध्ये युनिव्हर्सिटीने ते ९५ लाख डॉलरला ह्यूस्टन युनिव्हर्सिटीला विकायचं जाहीर केलं आणि स्टेशन चालवणाऱ्या मुलांना त्या बोलणीत कोणी घेतलंच नव्हतं. २०११ च्या जानेवारीत सॅन फ्रान्सिस्कोचं केयूएसएफ एका सकाळी अचानक बंद झालं, ३७.५ लाखांचा सौदा. व्हँडरबिल्टचं डब्ल्यूआरव्हीयूही त्याच वर्षी गेलं. २०१४ ला अटलांटात जॉर्जिया स्टेटने १,००,००० वॅटच्या डब्ल्यूआरएएसचे सकाळी पाच ते संध्याकाळी सातचे तास सरकारी पब्लिक रेडिओला दिले, मुलांना रात्र उरली. मला हे लिहिताना आजही राग येतो. वर्षानुवर्षं फुकट राबून त्या फ्रिक्वेन्सीला किंमत आणली मुलांच्या अनेक पिढ्यांनी, आणि सही करणारे दुसरेच.

सहाआणे_सुरेल

कलमताई, माहिती उत्तम आहे पण इतिहास नुसता परवान्याचा झाला तर स्टेशनचा जीवच निघून जाईल असं मला वाटतं. लोक ते स्टेशन ऐकत का होते हे यायला हवं.

कॉलेज रेडिओला कोणी रेटिंग विचारत नव्हतं, जाहिरात विकायची नव्हती, म्हणून जे दुसरीकडे वाजत नव्हतं ते तिथे वाजलं, आणि तेही तासन् तास. कोलंबियाच्या डब्ल्यूकेसीआरवर जॅझ कलाकाराच्या वाढदिवसाला दिवसभर फक्त त्याचंच संगीत चालतं. हार्वर्डच्या डब्ल्यूएचआरबीवर परीक्षेच्या काळात एकाच संगीतकाराचं सगळं काम ओळीने वाजवायची प्रथा आहे, ती म्हणे १९४३ ला एका मुलाने परीक्षा संपल्याच्या आनंदात बीथोवनच्या नऊच्या नऊ सिंफनी सलग लावल्या तिथून आली. नऊ सिंफनी, त्याही ७८ आरपीएमच्या तबकड्यांवर, दर चार-पाच मिनिटांनी बाजू बदलायची! किती प्रेम लागत असेल.

आणि डब्ल्यूकेसीआरवरच १९९० पासून १९९८ पर्यंत गुरुवारी मध्यरात्रीनंतर स्ट्रेच आर्मस्ट्राँग आणि बॉबितोचा हिपहॉप शो चालायचा. नास, जे-झी, नोटोरियस बीआयजी ही पोरं कुठल्या कंपनीने करारावर घ्यायच्या आधी तिथे येऊन माइकवर रॅप करून गेलीत. लोक रात्री जागून कॅसेटवर टेप करायचे आणि त्या कॅसेट हातोहात फिरायच्या. रात्री एक ते पाच हा वेळ कोणालाच नको असतो, म्हणून तो मुलांच्या ताब्यात राहतो आणि म्हणूनच तिथे असं काहीतरी घडतं. कानसेन, तुमच्या स्टेशनवर रात्रीचे शो कोण करायचं ते आधी शोधा.

८०च्या दशकात रेकॉर्ड कंपन्यांनाही हे कळलं. सीएमजे नावाचं पत्रक १९७८ ला निघालं, त्यात कॉलेज स्टेशनांच्या प्लेलिस्टवरून चार्ट छापायचे, आणि आरईएमसारखे बँड त्या रस्त्याने वर आले. पण मग कंपन्यांची फुकट रेकॉर्डची पाकिटं यायला लागली, फोन यायला लागले की आमचं वाजवा. मुलांच्या निवडीवर बाहेरचा दाब तेव्हा पहिल्यांदा आला. त्या काळातल्या म्युझिक डायरेक्टरला गाठलंत तर बरंच कळेल.

जुनी_तबकडी

मी दुसऱ्या एका कॉलेज स्टेशनच्या रेकॉर्ड लायब्ररीत काम केलंय, तर कागद कुठे सापडतात ते सांगते.

सगळ्यात आधी एलपीची कव्हरं बघा. बहुतेक स्टेशनांत नवीन रेकॉर्ड आली की कव्हरवर पांढरं लेबल चिकटवून डीजे त्यावर हाताने लिहायचे, कुठलं गाणं लावा, कुठल्यात शिवी आहे म्हणून दिवसा लावू नका, आणि खाली दुसरा डीजे लिहायचा की तू चुकतोयस, बाजू दोन ऐक. कधी कधी वीस वर्षांनी तिसरा कोणीतरी येऊन त्याच लेबलवर उत्तर देतो. एकमेकांना कधीही न भेटलेल्या मुलांचं हे बोलणं आहे आणि त्याच्याइतका जिवंत पुरावा मला कुठे दिसला नाही. सगळ्या लेबलांचे फोटो काढून ठेवा, विनायल विकायचं कोणी म्हटलं तर आधी हे करा.

तारखांसाठी कॉलेजचं विद्यार्थी वर्तमानपत्र, बऱ्याच कॉलेजांनी जुने अंक स्कॅन केलेत. एफसीसीची हिस्ट्री कार्ड म्हणून असतात, एकेका स्टेशनची टाइप केलेली कार्डं, साधारण १९८० पर्यंतची, ऑनलाइन बघायला मिळतात, त्यात परवाना कधी, किती वॅट, अँटेना कुठे, कॉलसाइन (म्हणजे डब्ल्यूकेसीआर वगैरे अक्षरी नाव) कधी बदलला सगळं आहे. फक्त लक्षात ठेवा की कॅरिअर करंटच्या काळातली कॉलसाइन स्टेशनांनी स्वतःच ठेवलेली असायची, ती सरकारी कागदात मिळणार नाही, आणि बरेचदा तीच अक्षरं दुसऱ्या कोणाकडे असल्यामुळे एफएम घेताना नाव बदलावं लागलं. म्हणजे सरकारी कागदात स्टेशन १९७० ला जन्मलं असं दिसेल आणि मुलं १९५० पासून बोलत असतील.

प्रोग्रॅम लॉग, म्हणजे कधी काय वाजलं त्याच्या नोंदी, मिळाले तर सोन्याहून पिवळं, पण ते नियमापुरते ठेवून फेकून द्यायचे. टेप मात्र लोकांच्या घरी असतात. माजी विद्यार्थ्यांच्या मेलमध्ये "आठवणी पाठवा" असं न लिहिता "तुमच्या माळ्यावर कॅसेट आहे का" असं लिहा, फरक दिसेल.

कानसेन

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. लेबलांबद्दल वाचलं आणि अंगावर काटा आला, आमच्याकडे ती भिंतभर आहेत, मी स्वतः त्यावर लिहिलंय पण हा इतिहास आहे असं कधी डोक्यात आलं नाही. सध्याच्या टीमला आजच कळवतो.

कलमताई, एक विचारू का. परवाना युनिव्हर्सिटीच्या नावाने असला की एक दिवस विकला जाऊ शकतो हे समजलं. मग मुलांच्या स्वतःच्या संस्थेच्या नावाने असता तर वाचला असता का?

कलम_पोटकलम

बऱ्याचदा हो. डब्ल्यूएचआरबी आणि प्रिन्स्टनचं डब्ल्यूपीआरबी ही दोन्ही स्वतंत्र ना-नफा संस्थांची आहेत, दोघांनी पन्नासच्या दशकात व्यापारी पट्ट्यात एफएम परवाना घेतला, डब्ल्यूपीआरबी १९५५ ला आणि डब्ल्यूएचआरबी १९५७ ला, आणि आजही चालू आहेत. डब्ल्यूएफएमयूचं तर याहून भारी, ते अप्साला कॉलेजचं स्टेशन, १९५८ चं. कॉलेजच १९९५ ला बंद पडलं पण त्याआधी स्टेशनच्या लोकांनी स्वतःची संस्था काढून परवाना घेऊन ठेवला होता, म्हणून कॉलेज गेलं तरी स्टेशन उरलं.

पण दुसरी बाजूही आहे. ब्राउन, जिथून हे सगळं सुरू झालं, तिथलं डब्ल्यूबीआरयू युनिव्हर्सिटीपासून स्वतंत्र संस्थेचं होतं, ९५.५ वर, जाहिराती घेऊन चालणारं. त्यांनी २०१७ ला तो परवाना ५६ लाख ३० हजार डॉलरला एका धार्मिक संगीत वाजवणाऱ्या नेटवर्कला विकला, आणि तो निर्णय विद्यार्थी सभासदांच्या मतदानातून झाला. एफएम चालवणं परवडत नव्हतं आणि नवीन मुलांना ऑनलाइन करायचं होतं. तो निर्णय मला पटत नाही, पण तो त्यांचा होता, राइसच्या मुलांना तेवढंही मिळालं नाही. तुमच्या इतिहासात हा फरक लिहा असं मी म्हणेन.

तारायंत्र

ऑनलाइनचं निघालंच तर, इंटरनेटवरही पहिली मुलंच होती. नॉर्थ कॅरोलायनाच्या चॅपल हिलचं डब्ल्यूएक्सवायसी ७ नोव्हेंबर १९९४ ला नेटवर थेट वाजलं, जॉर्जिया टेकचं डब्ल्यूआरईके त्याच दिवसाचा दावा करतं. व्यापारी स्टेशनं नंतर आली. आणि केटीआरयू २०१५ ला परत हवेत आलंय, कमी ताकदीच्या एलपीएफएम परवान्यावर, ९६.१ ला. म्हणजे १० वॅटवाल्यांना हाकललं त्याच एफसीसीने पुढे १०० वॅटच्या छोट्या स्टेशनांसाठी दार उघडलं.

सहाआणे_सुरेल

आणि एक राहिलं, बातम्या. २०२४ च्या ३० एप्रिलच्या रात्री कोलंबियाच्या कॅम्पसवर पोलीस शिरले तेव्हा आत राहून थेट सांगणारं डब्ल्यूकेसीआर होतं, इतके लोक ऐकायला आले की त्यांची वेबसाइट बसली. १९६८ च्या आंदोलनातही हेच स्टेशन मुलांनी सलग चालवलं होतं. तुमच्याकडे युद्धविरोधी आंदोलनाच्या वेळचं काही रेकॉर्डिंग आहे का बघा, त्या काळात बऱ्याच कॅम्पस रेडिओंनी मोर्चे आणि सभा टेप केल्यात, आणि त्या रीळ बरेचदा लेबल न लावता कुठेतरी पडून असतात.

कानसेन

आहेत! स्टेशनच्या मागच्या खोलीत रीळांचा एक खोका आहे, लेबल नाही म्हणून कोणी हात लावत नव्हतं. जुनी_तबकडी, रीळ टेप घरी डिजिटाइझ करता येतात का, की थेट युनिव्हर्सिटीच्या अर्काइव्हकडे द्यायच्या?

जुनी_तबकडी

मशीनवर लावून बघू नका आधी. सत्तरच्या दशकातल्या काही टेपचा गोंद ओलावा धरून चिकट होतो, वाजवली की हेडवर त्याचा थर बसतो आणि टेप कायमची खराब होते, त्यांना आधी कमी तापमानात काही तास भाजावं लागतं, आणि ते माहितगाराने करायचं काम आहे. खोक्यावर, डबीच्या आतल्या झाकणावर काही लिहिलंय का बघा, टेपच्या पाठच्या बाजूला कंपनीचा छापील नंबर असतो त्यावरून ती चिकटणाऱ्या जातीतली आहे का ते कळतं. अर्काइव्हला द्या पण देताना लेखी घ्या की प्रत स्टेशनला मिळेल आणि हवेत वाजवायचा हक्क स्टेशनच्या मुलांकडे राहील.

कलम_पोटकलम

त्या कागदावर सही स्टेशन मॅनेजरची घ्या, सल्लागारांची नको. आणि त्याची एक प्रत लायब्ररीत वेगळी ठेवा, मे महिन्यात मॅनेजर बदलेल.